अर्धं राहिलेलं घंगाळ

माझी बायको मालन गेली तेव्हा दुकानात एक घंगाळ अर्धं घडून पडलं होतं. अमझेऱ्याच्या गोपाळरावांना ते मुलीच्या लग्नात द्यायचं होतं. सुतकात मी हातोडा धरणार नव्हतो. ओसरीवर बसून नुसता त्याच्याकडे बघायचो.

धारला आम्हाला तिनेच आणलं. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. आळीत सगळी तांबटांचीच घरं, सगळे भाऊबंद. प्लेगाची साथ ओसरली त्या वर्षी माझे वडील वारले. आम्ही सुतकात बसलो, आणि चुलतभाऊ स्वतःचं सुतक न पाळता आमच्या दारात उभा राहून गिऱ्हाइकं आपल्या दुकानात वळवून नेऊ लागला. मालन त्याच्याशी भांडली नाही. तेरावं झाल्यावर मला म्हणाली, इथे माणूस गेलं तरी शेजारचा हातोडा थांबत नाही, आपण देश सोडू.

तिचा भाऊ विठोबा देवासला होता, म्हणून आधी तिकडे गेलो. तिथे एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. विठोबा थोरल्या पातीची भांडी घडवी, समोरचा तांबट धाकटीची. समोरच्याचं गिऱ्हाईक कसं फोडायचं, हे विठोबा जेवतानाही सांगे. मालनने आपलं गाठोडं तिथे पुरतं सोडलंच नाही. म्हणाली, हे तर तेच झालं.

मग आम्ही धारला आलो. शेजारी भागीरथ कसेरा, इथलाच, माळव्यातला. त्याचंही काम आमचंच. पहिल्या दिवशी त्याने आमच्या भट्टीसाठी आपल्या भट्टीतला विस्तव पाठवला. मालनला तेवढं पुरलं. मी म्हणायचो, थांब, त्याचं एखादं गिऱ्हाईक आपल्याकडे येऊ दे, मग बघ.

"बसा तुम्ही वाट बघत," ती हसून म्हणायची.

हा वाद आमचा शेवटपर्यंत चालला. तापात पडली होती तेव्हाही त्यावरून मला चिडवायची.

सुतक चालू असताना गोपाळरावांचा गडी आला. माझ्याशी न बोलता तो भागीरथाकडे गेला. थोड्या वेळाने भागीरथ मान खाली घालून आमच्या दुकानात शिरला, घंगाळ उचललं आणि गड्याबरोबर निघून गेला. मी हाक मारली नाही. वाटलं, वाद मी जिंकलो. ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

त्यानंतर शेजारून हातोड्याचा आवाजही आला नाही. मी म्हटलं, आता हा तोंड चुकवतो आहे.

तेराव्याला विठोबा आला. सगळं ऐकून म्हणाला, "दाजी, इथेही तेच, तर परमुलखात कशाला राहायचं? चला, मी देशावर पोचवतो."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. मी हातोडे पोत्यात भरत होतो, तेवढ्यात भागीरथ डोक्यावर घंगाळ घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवलं. पोट उचललेलं, काठ वळवलेला, सगळं नीट. फक्त मठार नव्हता. शेवटी भांड्याच्या अंगभर हातोडीने टिकल्या पाडतात, तो मठार. त्याने तांबं घट्ट होतं, आणि भांडं कुणाच्या हातचं तेही त्यावरूनच कळतं.

"घंगाळ थारो हे, भिया," तो म्हणाला. "ठोक भी थारा हाथ की रेगी." मठार माझ्याच हातचा राहावा, म्हणून त्याने तो सोडला होता.

मग त्याच्याकडून कळलं, लग्न जवळ आलं होतं, म्हणून गडी विचारायला आला होता. सुतकाच्या घरात कामाचं बोलू नको, असं त्याला भागीरथानेच वाटेत गाठून सांगितलं होतं. मी विचारलं, मग हे ठोकलं कुठे, आवाज तर आला नाही. तो जरा ओशाळला. आमची भिंत एकच. शेजारी माणूस गेलेलं असताना ठणठण कशी करायची, म्हणून ऐरण तलावाच्या पाळीवर नेली होती. त्याचं स्वतःचं कामही इतके दिवस तिथेच चाललं होतं.

मालनचं खरं होतं.

"दाजी, गाडी उभी आहे," विठोबा म्हणाला.

"तू हो पुढे."

"मागून येणार?"

"नाही."

मी पोत्यातून मठाराची हातोडी काढली आणि बसलो. मी ठोकायचो तेव्हा समोर बसून मालन भांडं फिरवायची. भागीरथ काही न विचारता तिच्या जागी बसला आणि त्याने काठ धरला. दोन-चार टिकल्या वाकड्या पडल्या. मी त्याला सांगितलं, ती डावीकडे फिरवायची.

त्याने डावीकडे फिरवलं.