चिकटलेली पानं

वाळूजच्या आमच्या कॉलनीत श्रावणभर दुपारी मारुतीच्या देवळात बायकांची पोथी असते. मी वाचते, सरूबाई अर्थ सांगते. समाप्तीला मानाचा नारळ वाचणारीला. आठ वर्षं तो माझाच. यंदा मात्र बायका कुजबुजत होत्या, की सरूबाईला द्यावा.

माझं पित्त खवळलं. मी बारावी पास. सरूबाई कन्नडच्या घाटात मेंढरं वळून मोठी झाली, तिला अक्षर ओळखीचं नाही. घसा मी कोरडा करायचा आणि वाहवा हिची! माझ्या वाचनाला डुलक्या काढणाऱ्या बायका हिनं तोंड उघडलं की ताठ बसायच्या.

त्या दिवशी विश्वामित्राची कथा होती. वसिष्ठांची गाय ओढून न्यायला राजा विश्वामित्र सैन्य घेऊन येतो आणि हरतो, तिथवर वाचलं. मग मुद्दाम चार पानं एकदम उलटली. थेट वसिष्ठ त्याला ब्रह्मर्षी म्हणतात, तिथं. मधलं तप वाचलंच नाही, तर ही अर्थ कशाचा सांगणार?

सरूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "शीलाताईचा घसा बसलाय. मधलं मीच सांगते."

आणि सांगितलं की सगळं! राज्य सोडून रानात गेला, हजार वर्षं तप केलं, एकदा रागावला अन् सारं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून.

"लई मोठा ऋषी, बायांनो. पण सारं जग चांगलं म्हणतंय, त्याचं ह्याला काय नाय. वसिष्ठानंच म्हणावं!"

बायका पोट धरून हसल्या. मी पोथीत डोकं घातलं.

पोथी बांधताना विचारलं, "तुम्हाला हे पाठ कसं?"

"तुमच्याच तोंडून की. आठ श्रावण ऐकते. मला कुठं वाचता येतं?" मग हळूच म्हणाली, "दमट हवेनं पानं चिकटत्यात. उद्या पोथीला ऊन दावा."

समाप्तीला बायकांनी नारळ तिच्यापुढं धरला. तिनं तो माझ्या ओटीत टाकला.

"वाचणारीचा मान हाये. शीलाताईसारखं वाचणारी नाय मिळायची."

वसिष्ठांनी ब्रह्मर्षी म्हटलं आणि विश्वामित्राच्या पोटातली आग विझली, असं पोथीत आहे. मी नारळ घरी आणून फोडला, खोबरं गोड निघालं. माझी आग काही विझली नाही. आधी मला तिच्या बोलण्याचाच हेवा वाटायचा, आता तिच्या मनाचाही वाटतो.