एक माप कमी

रुपचंद आबा बंदूक भरायला बसले की घरात कुणी बोलायचं नाही, हा त्या घरातला सगळ्यात जुना नियम. वच्छलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने चूल दाखवायच्या आधी तो सांगितला होता.

बंदूक ठासणीची, सासऱ्यांपासून चालत आलेली, पीक राखायच्या परवान्यावरची. शेत पद्मालयाच्या जंगलाला लागून, त्यामुळे मक्याला कणसं धरली की रानडुकरं येणारच. आबा ओसरीवर गोणपाट अंथरून बसायचे. डब्यातली दारू पितळी मापात घ्यायची, काठावरून पट्टी फिरवून जास्तीची डब्यात परत सोडायची, माप नळीत रितं करायचं, वर चिंधी घालून गजाने ठासायची आणि शेवटी वहीत एक रेघ ओढायची. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून दाणाभर दारू इकडची तिकडे झाली नव्हती. गावातली माणसं कापसाचं वजनसुद्धा आबांसमोर करून घ्यायची, इतका त्यांच्या हाताचा भरवसा.

मागच्या वर्षापासून ते विसरायला लागले. एरंडोलच्या बाजाराला मोटारसायकलवर गेले आणि ती तिथेच ठेवून एसटीने परत आले. वच्छलाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. मग एक दिवस दिपमालाचं, स्वतःच्या लेकीचं नाव त्यांना आठवेना. तेव्हा हसू आलं नाही. पण त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. ज्या माणसाच्या शब्दाला गाव मान देतं त्याच्याकडे उद्या लोक कीव करून बघतील, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. चारचौघांत आबा अडखळले की त्याच पुढे होऊन उत्तर द्यायच्या. परवाना नवा करताना दाखला देणाऱ्या डॉक्टरने विसरायला होतं का म्हणून विचारलं, तर आबांनी तोंड उघडायच्या आत सगळं लक्षात असतं म्हणून त्यांनीच सांगून टाकलं, "त्यासना ध्यानमा बठ्ठं ऱ्हास."

भादव्यातल्या त्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. आबा ओसरीवर बंदूक भरत होते, वच्छलाबाई उंबऱ्यात बसून तूरडाळ निवडत होत्या. तेवढ्यात गॅसवाला आला. त्याला मोबाइलवर आलेला नंबर हवा होता आणि मोबाइल आबांच्या खिशात. ते उठून फाटकापर्यंत गेले, नंबर सांगून परत आले, बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून घडीभर नुसतेच मापाकडे बघत राहिले.

"मी दारू टाकी का वं?" त्यांनी विचारलं.

वच्छलाबाईंनी पाहिलं नव्हतं. पण वर्षभरात त्यांची जीभच तशी वळली होती. आबा अडले की चटकन काहीतरी सांगून त्यांना मोकळं करायचं. सुपातून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "नही टाकी."

आबांनी माप भरलं, पट्टी फिरवली, नळीत ओतलं, ठासलं आणि वहीत रेघ ओढली.

पाच वाजता ज्ञानेश्वर आला. आबांच्या धाकट्या भावाचा हा मुलगा. भाऊ गेल्यावर याच घरात वाढलेला, लग्नानंतर गावातच वेगळा राहणारा. परवान्यावर दुसरं नाव त्याचं होतं. डुकरं बुजवायला नुसता आवाजाचा बार काढायचा होता, त्यामुळे छर्रे घातलेच नव्हते. तो बंदूक घेऊन मक्याकडे गेला. दिवस मावळायच्या आत आवाज आला. तो नेहमीचा नव्हता. वच्छलाबाईंच्या हातातला तांब्या तिथेच पडला.

बंदूक मुळाशी फुटली होती. ज्ञानेश्वरचा उजवा डोळा गेला, डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला जळगावला नेलं. त्याची बायको रत्ना गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोलीस पंचनाम्याला यायच्या आधी, आबांनी वर्तमानपत्र पसरलं आणि डब्यात उरलेली दारू मोजायला घेतली. वहीतल्या रेघांप्रमाणे तीस मापं उरायला हवी होती. एकोणतीस भरली. त्यांनी पुन्हा मोजली, आणखी एकदा मोजली. मोजणी तिन्ही वेळा तीच आली.

"मना हातथीन दारू दोनदा पडनी," ते म्हणाले.

आपण कुणाला विचारलं होतं हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. वच्छलाबाईंनी सांगितलं नाही.

आबांनी पोलिसांना खरं ते सांगितलं. जमादाराने एकोणतीस आणि तीस कागदावर उतरवून घेतलं, पण म्हाताऱ्या माणसाच्या मनाला लागलंय असं समजून फुटण्याचं कारण नळी जुनी झाली होती असंच लिहिलं. मग आबा दवाखान्यात जाऊन ज्ञानेश्वरच्या पायाशी बसले आणि त्यालाही सांगितलं. पट्टी बांधलेल्या तोंडाने तो म्हणाला की आबा, तुमचं वय झालं, मनाला लावून घेऊ नका. रत्ना उठून बाहेर गेली.

त्यानंतर आबा झपाट्याने खचले. धुळ्याच्या डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं आणि यावर उतारा नाही हेही सांगितलं. महिन्याभरात ते तो बार विसरले, दारूची मोजणी विसरले. ज्ञानेश्वर समोर आला की घाबरून विचारायचे, तुझ्या डोळ्याला काय झालं. तो दर वेळी सांगायचा, कपाशीवर फवारताना औषध उडालं. दर वेळी आबा हळहळायचे आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे.

हे बघणं वच्छलाबाईंना जड झालं. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी त्या ज्ञानेश्वरच्या घरी गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरपुढचं उत्तर, वर्षभर झाकून ठेवलेलं सगळं, आणि उंबऱ्यात बसून न बघता दिलेला जबाब.

ज्ञानेश्वरने एवढंच विचारलं.

"म्हणजे तुले माहीत व्हतं, मोठी माय. तरी मना हातमा बंदूक दिधी?"

त्या हो म्हणाल्या. रत्नाने आतून येऊन त्यांच्यासमोरचा पाण्याचा पेला उचलून नेला.

ज्ञानेश्वर अजून रोज येतो. आबांची दाढी करतो, तीन बोटांच्या हाताने त्यांची हनुवटी धरून. त्यांना अंघोळ घालतो, मक्याची खबर देतो. वच्छलाबाईंशी बोलत नाही. त्यांनी चहा ठेवला तर तो तसाच गार होतो.

आबांना हे दिसतं. बाकी सगळं गेलं, पण घरातलं कोण कुणाशी बोलत नाही एवढं अजून कळतं. ज्ञानेश्वर गेला की ते बायकोला जवळ बोलावतात.

"ज्ञाना तुनासंगे काब्र बोलत नही? तू काय करं?"

पहिल्यांदा वच्छलाबाईंनी खरं सांगितलं. आबा लहान मुलासारखे रडले, जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी उठले ते कोरे होते, आणि ज्ञानेश्वर येऊन गेल्यावर त्यांनी तेच विचारलं. आता वच्छलाबाई काहीच सांगत नाहीत. आबा वाट बघतात, मग त्यांनाच समजुतीच्या सुरात म्हणतात की पोराला काही टाकून बोलली असशील, जा, माफी माग त्याची.

त्या हो म्हणतात आणि त्यांच्या अंगावर पांघरूण घालतात.