ओळखीचा टाका

नाटकात राजाचं काम करून करून त्यांना घरीसुद्धा सगळे महाराजच म्हणत. बायको म्हणायची, "महाराज, नुसते बसलात ते भाजी निवडा!" आणि महाराज निवडत. नाटकातला त्यांचा सेनापती म्हणजे लहानपणापासूनचा मित्र, अंगाने काडी, म्हणून बारक्या. शेवटच्या अंकात बारक्या मागून खंजीर खुपसायचा. महाराज कुशीवर हात दाबून म्हणायचे, "घाव ओळखीचा आहे. वळून बघायची गरज नाही." एवढ्या वाक्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. खरा राजा मरताना इतकं नीट बोलला असता का, कुणास ठाऊक!

खोट्या रक्ताचे डाग पडायचे म्हणून त्या अंकाचे पांढरे अंगरखे दोन होते. एक धुण्यात, एक अंगावर. नाटक कंपनीचं शिवणकाम बायकोकडेच. त्या दिवशी बायकोने घालायला सांगितलेला पहिला अंगरखा वाळलाच नाही. बायको राणीचा फाटलेला पदर शिवण्यात गुंतली होती, तेव्हा महाराजांनी दुसरा स्वतःच खुंटीवरून काढला. बंद बांधताना छाती आवळली.

"महाराज, प्रजेच्या वाटचंही तुम्हीच खाता वाटतं," रंगभूषावाला म्हणाला.

"राजाचं पोट आहे ते," म्हणत महाराजांनी श्वास ओढून धरला आणि रंगमंचावर गेले.

बारक्या मागून आला. खंजीर लागला, रंगाची पिशवी फुटली. महाराजांनी सवयीने कुशीवर हात दाबला आणि बोटांना शिवण लागली. नवी होती. कापड चांगलं चार बोटं आत घेतलेलं. थोड्या थोड्या टाक्यांवर बारीक गाठ. अशी गाठ एकच बाई मारायची. "एक उसवला तरी पुढचे दगा देत नाहीत," असं तिचं म्हणणं.

आणि एवढ्या बारीक अंगाचा कंपनीत एकच माणूस होता.

नाटकात नव्हतं, तरी ते वळले. बारक्याची नजर अंगरख्यावर खिळली होती. रंगाखालीही त्याचा चेहरा उतरलेला दिसत होता.

"उद्यापासून मी राजा," तो ओठ न हलवता पुटपुटला. "मालकांनी ठरवलं. आजचा प्रयोग झाला की सांगणार होतो रे."

महाराजांनी विंगेत पाहिलं. बायको तिथेच होती. हातात सुई, दुसरा हात तोंडावर. म्हणजे हिलाही माहीत होतं. सकाळी चहा देताना माहीत होतं!



"टाका," महाराज म्हणाले, "ओळखीचा आहे."

लोकांना वाटलं, आज वाक्य बदललंय, आणि काय झकास बदललंय! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. महाराज मात्र पडेनात. पडदा ओढणारा दोरी धरून ताटकळला.

"अहो, पडा ना आता," विंगेतून बायकोचा रडवेला आवाज आला.

महाराज तसेच उभे राहिले.