डावा घोटा

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा डावा पाय मुरगळला, तेव्हा वरच्या मजल्यावरून धाकटी जाऊ धावत आली. तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. तिने एक शब्द न बोलता मला उठवलं आणि मीही निमूटपणे उठले.

"हाड शाबूत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घोटा बांधून ठेवणारं लिगामेंट थोडं फाटलंय. सहा आठवडे लागतील."

"हाड मोडलं नाही तरी?"

"तरी. आतले तुटलेले धागे शरीर आधी घाईघाईने, आडवेतिडवे जोडून टाकतं. मग पाय हळूहळू वापरलात, ताण पडला, की ते सरळ लागतात. नुसता जपून ठेवलात तर आखडेल."

मी शिवणकाम करणारी बाई. आधी कच्चा टाका, मग पक्की टीप, हे मला नव्याने कळायला नको. पण शाळेचे ऐंशी गणवेश पडून होते, आणि एका पायाने पायडल मारलं की चाक उलटं फिरून दोरा तुटायचा.

तिसऱ्या दिवशी धाकटी स्टूल घेऊन खाली आली. माझा सुजलेला पाय उशीवर सरकवून तिने स्वतःचे पाय पायडलवर ठेवले. "कापड तुम्ही धरा."

पूर्वी ती माझ्याकडेच शिवायची. एकदा भर गिऱ्हाइकांत मी बोलून गेले होते, "हिला साधी सरळ टीप येत नाही, जन्मात यायची नाही." जिभेला हाड नसतं हेच खरं. ती उठून गेली ती गेलीच. आणि वर मीच सगळ्यांना सांगितलं, सुंठीवाचून खोकला गेला. खोटं होतं ते. रोज तिची आठवण यायची.

सुरुवातीला "हळू", "थांब", "कोपरा आला" एवढंच बोलणं. तिचे पाय आणि माझे हात जुळेनात, दोरे तुटले, सुया मोडल्या. मग माझ्या नवऱ्याचं घोरणं निघालं, तिच्या नवऱ्याचा विसराळूपणा निघाला. आठवड्याने ती हसलीसुद्धा.

सहा आठवडे झाले. गणवेश गेले, दुसरं काम आलं, पाय ठणठणीत झाला. पण बरा झाला म्हटलं की ही वर जाणार, या भीतीने मी रोज सकाळी पट्टी गुंडाळून लंगडत राहिले.

एके दिवशी ती आली, माझ्या पट्टीकडे बघून म्हणाली, "ताई, आज उजवा का?"

चोरी पकडली गेली. मी पट्टी सोडली. "पाय केव्हाच बरा झालाय. तू यायची थांबशील म्हणून सोंग केलं. त्या दिवशी चारचौघांत बोलले ना, चुकलंच माझं."

मी माझी जागा सोडून स्टुलावर बसले आणि पायडलवर पाय ठेवले. "बस इथे. आज तू शीव."

ती बसली. टीप तिरकी गेली. माझी जीभ वळवळली, मी ती दाताखाली धरली.

तिनेच कापड उलटसुलट करून पाहिलं. "तिरकी गेली."

"गेली खरी," म्हणत मी कात्री पुढे केली. "उसव. परत मारू."