अवेळी उकाड्याचा पंखा

मी घडीचा पंखा बोलतोय. हसू नका. कापड साधं आहे, काड्या प्लास्टिकच्या आहेत, पण माणसांना वारा घालण्यात जन्म गेलाय, तेव्हा चार शब्द सुनावायचा हक्क मला आहे.

माझी मालकीण ऐन तिशीतली. तिला रक्ताचा आजार झाला. भावाच्या मूळपेशी तिला दिल्या आणि त्याआधी हलक्या डोसची केमोची औषधं. हलकी कसली! आजार गेला, पण पाळीही गेली. उतारवयातला उकाडा भर थंडीत अंगात शिरला. तेव्हा नवऱ्याने मला हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून आणलं.

डॉक्टरबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, "डोस हलका होता. पाळी परत येऊही शकते. आज सांगता येत नाही." पण माणसांचे कान भारी सोयीचे! घरी पोचेपर्यंत त्याचं "आता मूलबाळ विसरा" झालं. जाऊबाई तर टपूनच बसल्या होत्या. "अगं, जीव वाचला ना? माझी धाकटी आहेच की तुला," म्हणायच्या आणि धाकटीला तिच्या गळ्यात टाकून खुशाल झोपायला जायच्या. काय ती माया! मालकीण एका हाताने पोरीला भरवायची, दुसऱ्याने मला हलवायची आणि खोलीत एकटी सापडली की रडायची.

दोनेक वर्षांनी तिने मला हातात घेणं कमी केलं. मला वाटलं, माजली. अहो, उकाडाच थांबला होता! घरात एकाच्याही लक्षात आलं नाही.

मग एका सकाळी ती बाथरूममधून पांढरीफटक होऊन बाहेर आली. "अहो, रक्त जातंय. आजार उलटला." जाऊबाईंनी लगेच गळा काढला. नवरा तिला घेऊन धावला, आणि घाबरून तिने मला मुठीत आवळलेलं.

रक्त तपासलं. सगळं ठणठणीत.

"अहो, पाळी आलीय तुम्हाला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घ्या! रोज रक्तातल्या पेशींचे आकडे घोकणारी ही शिकलेली माणसं, आणि बाईला पाळी येते हेच विसरली होती.

"तपासण्या करून बघू. मूल हवं असेल तर सविस्तर बोलू. नको असेल, तर मात्र आता काळजी घ्यायला हवी."

"काळजी? आम्ही?" ती इतकी हसली, इतकी हसली, की मुठीत माझ्या दोन काड्या मोडल्या.

आता मी कपाटामागे पडलोय. मूल होईल की नाही, डॉक्टरबाईंनाही ठाऊक नाही. जाऊबाई मात्र सांगत सुटल्यात, "मी म्हणतच होते!"

मालकीणबाई, माझं एवढंच ऐक. मला दुरुस्त करू नकोस.