वाशीमच्या सुनांचे डोळे

माझा धाकटा भाऊ पंजाब नागपूरला डॉक्टरी शिकला. शेवटच्या वर्षी त्याला तिथल्या दवाखान्यात नुसतं राबायचं होतं, आज या वॉर्डात तर उद्या त्या. त्यातले दोन महिने मात्र आपल्या पसंतीच्या कामात घालवायची मुभा होती. एकोणीसशे अडतीस साल असेल. काय निवडायचं ते ठरवायला तो वाशीमला घरी आला, ही त्याची चूक.

आमचा गावालगत भाजीचा मळा. वडील दौलतराव वांगी-मेथी घेऊन बाजारात बसायचे, जब्बारमियांच्या सुरम्या-अत्तराच्या दुकानासमोर. तिथून बातमी फुटली आणि अख्खा बाजार पंजाबच्या अभ्यासाला लागला. जो तो आपापल्या दुखण्याला मत देई.

"हाडाचं घे," कंबर धरून चालणारा फुलसिंग म्हणाला. "हाडं साऱ्याइलेच असते."

"हाड एकदा मोडते, पोट रोज बिघडते," जब्बारमिया म्हणाले. "पोटाचं घे, बेटा. फक्त डोयाचं घेऊ नको. मंग माहा सुरमा काय बकऱ्या लावतीन?"

बाबा काही बोलत नसत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, मेथी नि आंबटचुका ते चाचपून ओळखत. पंजाब समोर आला की मात्र पापण्या चोळत बसत.

पंजाबला शिकायचं होतं बाळंतपणाचं काम, आणि त्याला कारण मी. आदल्या वर्षी इंझोरीला, माझ्या सासरी, माझं पहिलं मूल आडवं आलं. सुटीत भेटायला आलेल्या पंजाबला पुरुषमाणूस म्हणून अंगणात बसवून ठेवलं आणि आत मूल गेलं. आता मला पुन्हा दिवस होते. यावेळी आईनं मला माहेरी आणलं होतं, पण भीती माझ्यासोबतच आली होती.

बाबांना विचारल्याशिवाय पंजाब सदराही शिवत नसे. आणि बाबांच्या तोंडावर 'बाळंतपण' हा शब्द काढायचा कसा? त्यानं माझ्या डोहाळजेवणाचा दिवस गाठला. आत बायकांची गाणी रंगात आली होती. ओसरीवर बाबांना वाढता वाढता तो हळूच म्हणाला, "बाबा, मी डोहायाचं काम घेतो."

बाबांचा घास हातातच राहिला. "डोयाचं?"

पंजाबनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

"घे बाप्पा, घे. मले ठाऊक होतं, तुले माही कायजी हाय." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. आता या माणसाला काय सांगायचं?

पंजाब स्वयंपाकघरात माझ्याकडे आला. "गोमतीबाई, घोटाळा झाला."

"कायचा घोटाळा? तू खरं तेच बोलला. त्याइले जे पाह्यजे ते त्याइनं ऐकलं. जाय आता गुमान."

तो गेला. बाबांनी बाजारभर पेढे वाटले. जब्बारमियांनी पेढा खाल्ला, पण बाबांशी बोलणं टाकलं.

दोन महिने भरले आणि पंजाब परतला, त्याच आठवड्यात माझं पोट दुखू लागलं. बिस्मिल्ला दाई बराच वेळ झटली. मग तिनं हात धुतले आणि आईला म्हणाली, "गिरजाबाई, पायाकडून येऊन राह्यलं. तुमच्या लेकाले बोलवा."

बाबा दारात आडवे उभे राहिले. "तो डोयाचा डॉक्टर हाय. तिथं काय करीन?"

"तो पाह्यन तरी," आई म्हणाली आणि त्यांना हातानं बाजूला सारलं.

पंजाब आत आला. पुढचं मला फारसं आठवत नाही. त्याचा घामेजलेला चेहरा आठवतो आणि मग रडणं. माझं नव्हे, बाळाचं.

बाबांनी बाहेरून विचारलं, "लेकराचे डोये बरे हायेत नं?"

पुढे पंजाबनं वाशीमलाच दवाखाना काढला. पुरुष डॉक्टरकडे पोटुशी सून पाठवायला कोणतंच घर तयार नव्हतं, पण डोळे दाखवायला हरकत कोणाची असणार? सुना सासूला सांगत, "डोये दाखवून येतो." सासवांनाही सगळं ठाऊक असे. आसेगावहून, किन्हीराजाहून डोळे दुखणाऱ्या बायका बैलगाडीत बसून येऊ लागल्या. जब्बारमियांचा सुरमा मात्र पूर्वीसारखाच खपत होता, याचं कोडं त्यांना कधी सुटलं नाही. पण बाबांशी ते पुन्हा बोलू लागले.

बाबांचा मोतीबिंदू नागपूरच्या दुसऱ्या डॉक्टरनं काढला. "घरच्या माणसावर हात चालत नाई," असं त्यांनीच लोकांना सांगून टाकलं. नवा चष्मा लावून ते पहिल्यांदाच दवाखान्याच्या ओट्यावर बसले. समोर बायकांची रांग होती. बराच वेळ ते पाहत राहिले. मग पंजाबला आतून बोलावून म्हणाले, "काय रे, या साऱ्याइचे डोये पोटातच दुखते का?"

पंजाब खाली मान घालून उभा राहिला.

बाबा उठले. ओट्यावरचा बाक त्यांनी ओढत कडुनिंबाच्या सावलीत नेला, जवळ पाण्याची घागर ठेवली आणि बायकांना तिथं बसवलं. तेवढ्यात रस्त्यानं फुलसिंग आला. कंबर धरून थांबला आणि म्हणाला, "दौलतराव, एवढ्या बाया? काय साथ आली?"

"डोये," बाबा म्हणाले. "तू चाल पुढं."