मैद्याचं वावडं

मैद्याचं पोतं मिक्सरच्या तोंडाशी टेकवून आत्याने त्यावर सुरी चालवली आणि चेहरा बाजूला वळवला. पांढरा लोट उठायचा तो उठलाच. श्वास धरून तिने पोतं रिकामं केलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून मागच्या पायरीवर येऊन बसली. छाती आवळून आली होती. खिशातला पंप तोंडाला लावून तिने दोनदा ओढला. श्वास हळूहळू वाटेवर आला. अंगातलं त्राण मात्र परत येईना.

बेकरीतले सगळेच तिला आत्या म्हणत. सव्वीस वर्षं ती इथे पीठ मळत होती आणि तिचा थोरला भाऊ भट्टी सांभाळत होता.

कालच डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर टोचून तपासणी केली होती. धूळ, परागकण, मांजर, कशानेच काही झालं नाही. गव्हाच्या जागी मात्र टपोरी गांध उठली.

"तुम्हाला मैद्याचं वावडं आहे," बाई म्हणाल्या. "कण आत गेला की श्वासनळ्या शत्रू शिरल्यासारख्या सुजतात, कफ धरतात, वाट अरुंद होते. पंपाने ती घटकाभर मोकळी होईल. पण रोज नाकाने मैदा खाल्लात तर सूज उतरणार कधी? सुरुवात शिंकांनी झाली होती ना?"

"त्या कितीतरी वर्षं होत्या. मी आपली सर्दीची गोळी घ्यायचे."

"काम बदला."

"या वयात नवरा बदला म्हणाल्या असतात तर सोपं होतं, बाई."

दोघी हसल्या. घरी येईपर्यंत आत्याचं ठरलं होतं, कुणाला काही सांगायचं नाही. भावाची पोर नोकरी सोडून तीन महिन्यांपूर्वीच हे काम शिकायला आली होती. तिचा हात बसेपर्यंत रेटायचं.

पायरीवरून ती आत परतली तेव्हा भाची टेबलावर मैदा भुरभुरवून कणकेची घडी घालत होती. एकापाठोपाठ एक तिला चार शिंका आल्या.

"सर्दी झालीये का गं?"

"छे! इथे आलं की सुरू होतं. सुट्टीच्या दिवशी एकदम ठणठणीत. तुमच्या बेकरीला मी पसंत नाही बहुतेक!" ती हसली आणि पुन्हा शिंकली.

आत्याचा हात कणकेकडे जाता जाता थांबला. पलीकडे भाऊ गुणगुणत ट्रे सरकवत होता. पोर कामाला येईपर्यंत, इतक्या वर्षांत तो कधी गुणगुणला नव्हता.

"दादा, मिक्सर बंद कर."

"आत्ता? अर्धवट मळलंय—"

"बंद कर म्हणते ना. बोलायचंय."

त्याने कुरकुरत बटण दाबलं. मिक्सर थांबला. आत्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटण्याआधीच तिच्या छातीतली बारीक शीळ त्या दोघांना ऐकू गेली.

भट्टीचं दार उघडंच टाकून भाऊ पुढे आला.

"हे कधीपासून?"

"सांगते," ती म्हणाली. "आधी हिला बाहेर ने."